पोत्याची शिवण आणि एक टक्का

४ मार्च, लिंकन

प्रिय लॉरेल,

तुझं ईमेलचं पत्र शनिवारी वाचलं. उत्तराला तीन दिवस लागले, कारण तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. अंदाज होता. अंदाज लिहून पाठवायचा नाही ही माझी सवय तुला माहीत आहे. ती तुला आवडत नाही हे मला माहीत आहे.

मी प्रश्न नीट समजले की नाही, हे पाहण्यासाठी तो पुन्हा लिहिते. तुमचं मलावीतलं धान्यवाटपाचं काम ३१ मार्चला बंद होतंय. लाओसमधली तीन वर्षांची नोकरी घ्यायची की नाही, ते तुला १ एप्रिलपर्यंत कळवायचंय. त्याआधी तुला जाणून घ्यायचंय, की तू घरी आलेली बाबांना हवी आहेस का.

मी त्यांना भेटते, हे खरं. महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडे ओरिन्सबर्गला जाते. ते राजमा-मांसाची चिली करून ठेवतात, मी इथून दालचिनीचे रोल नेते. त्यांचा गुडघा, ट्रक, पाऊस पडला की नाही पडला, एवढं बोलून होतं. तुझं नाव निघत नाही. ते काढत नाहीत आणि मीही काढत नाही. यावरून तू त्यांना नको आहेस असं सिद्ध होत नाही. हवी आहेस असंही होत नाही.

तुमच्याकडे मदतीच्या पिठाची पोती यायची थांबली, त्याचं या टोकाला काय झालं ते सांगते. वॉशिंग्टनहून ओरिन्सबर्गच्या गिरणीला मदत थांबवल्याचा कागद आला आणि तिसरी लाइन बंद पडली. मका-सोयाबीनच्या पिठाची, म्हणजे बाबांची. ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ती त्यांचीच. बेचाळीस लोक घरी बसले. पेट्रोल पंपावरच्या सकाळच्या कॉफीला बाबा अजून जातात, आणि मी गेले की मलाही नेतात. मागच्या वेळी बड नोएल्टिंग म्हणाला, "बरं झालं, साऱ्या जगाला जेवू घालायचं आपण काय कंत्राट घेतलंय?" मग कपात साखर ढवळत त्याने बाबांना विचारलं, "ग्लेन, तिसरी लाइन परत कधी सुरू होतेय रे? माझा जावई घरी बसून माझा फ्रीज रिकामा करतोय." बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

आमच्या जनमत चाचणीत या महिन्यात परराष्ट्र धोरणाची फेरी आहे. दर दोन वर्षांनी तेच प्रश्न, देशभरातले हजारभर लोक, फोनवरून. अमेरिकेने जगाच्या कारभारात भाग घ्यावा की दूर राहावं? परदेशी मदत जास्त होते, कमी होते की पुरेशी होते? मी प्रश्न विचारत नाही. जे विचारतात त्यांच्या चुका शोधते. हे काम मला चांगलं जमतं.

तुझ्या प्रश्नावर अजून काही नाही. मिळालं की लिहीन.

थिया


११ मार्च

प्रिय लॉरेल,

हे पत्र लिहावं की नाही यावर दोन दिवस घालवले. लिहिते आहे, पण त्यातून एक गोष्ट वगळते आहे. ती तू विचारू नयेस.

आमच्याकडे मुलाखती ध्वनिमुद्रित होतात. त्यातल्या काही मी दर्जा तपासण्यासाठी ऐकते. काही यदृच्छेने निवडलेल्या असतात, काही संशयावरून. शुक्रवारी माझ्याकडे संशयावरची एक आली. मुलाखत घेणारी लुआन. वय एकसष्ट, आधी शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळायची, आवाज असा की लोक फोन ठेवत नाहीत. नियम सगळे पाळते. प्रश्न शब्दशः वाचायचा. माणसाने "म्हणजे काय?" विचारलं तर समजावून सांगायचं नाही, "त्याचा तुम्हाला जो अर्थ वाटतो तो घ्या" एवढंच म्हणायचं. "माहीत नाही" हा पर्याय वाचून दाखवायचा नाही. माणूस आपणहून म्हणाला तर प्रश्न एकदा पुन्हा विचारायचा, आणि तरी तेच उत्तर आलं तर लिहून घ्यायचं.

त्या मुलाखतीत लुआनने नियम मोडला. सरकारी खर्चातला किती भाग परदेशी मदतीवर जातो, असा एक प्रश्न आहे. लोक वीस टक्के म्हणतात, पंचवीस म्हणतात. खरा आकडा एकाच्या आसपास असतो. या माणसाने म्हटलं, "एक." आणि लुआनच्या तोंडून निघून गेलं, "अगदी बरोबर." आम्ही कधीही बरोबर म्हणत नाही. बरोबर म्हटलं की पुढची सगळी उत्तरं शाबासकीसाठी दिली जातात. वर तिने विचारलं, की हे तुम्हाला कसं ठाऊक? हा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत नाही. त्यावर तो माणूस थोडं बोलला. काय बोलला ते मी लिहिणार नाही.

पण त्या उत्तरामुळे मला मुलाखतीची सुरुवात पुन्हा ऐकावी लागली. सुरुवातीला आम्ही प्रत्येकाला विचारतो, की तुमच्या कुटुंबातलं कोणी जनमत चाचणीच्या कामात आहे का? "आहे" म्हटलं की आभार मानून फोन ठेवतात. कामातल्या लोकांची घरं मोजायची नसतात.

तो माणूस म्हणाला होता, "नाही. कोणी नाही."

ते खोटं होतं. खोटं आहे हे मला कसं कळलं, ते मी वगळलेल्या गोष्टीत येतं.

मुलाखत देणाऱ्याची उत्तरं कामाबाहेर सांगणार नाही, अशा कागदावर मी नोकरीच्या पहिल्या दिवशी सही केली आहे. वर जे लिहिलं त्यात नाव, गाव, नंबर नाही. तरी ते लिहायला नको होतं. एवढं का लिहिलं, तर शुक्रवारपासून मी दुसरा कसलाही विचार करू शकलेले नाही. माणसाला फोनवर एक परका आवाज विचारतो की तुझं कोणी या कामात आहे का, आणि तो जराही न थांबता म्हणतो की कोणी नाही. मी घड्याळ लावून पाहिलं. प्रश्न संपल्यापासून उत्तरापर्यंत एक सेकंदही गेला नाही.

तुझ्या प्रश्नावर अजून काही नाही.

थिया


१९ मार्च

प्रिय लॉरेल,

तुझं एका ओळीचं उत्तर मिळालं. "ते बाबा होते ना?"

मी यावर हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.

सोमवारी मी माझ्या वरिष्ठांना, पीटरमनना, सांगितलं की एका ध्वनिमुद्रणाबद्दल मी बाहेर लिहिलं, आणि ते घर यादीत चालणारं नाही. का चालणारं नाही तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "थिया, तू पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही कबूल करायला आलीस. मला वाटलं राजीनामा देतेस." माझ्या फायलीत लेखी समज लागली. मुलाखत काढून टाकायची असं ठरलं. कळ मीच दाबली. एक हजार अकराचे एक हजार दहा झाले. टक्क्यांत काहीही फरक पडला नाही, एक हजारात एकाने पडत नाही.

आता दुसरी गोष्ट. ही कुठल्याही सहीखाली येत नाही. तरी मी ती पाच वर्षं सांगितली नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या त्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टर्की कापताना बाबा म्हणाले होते, की मदत म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी. तू म्हणालीस, की मी त्या बादलीजवळ उभी असते, पाणी पोचतं. आवाज चढले, तू शेवटचं गोड न खाता वर झोपायला गेलीस. सकाळी तुझं विमान होतं. बाबा तुला सोडायला यायचे होते, आणि आले नाहीत. ओमाहाच्या विमानतळापर्यंत मी गाडी चालवली. वाटेत तू म्हणालीस, "एका वादासाठी?" आणि मी म्हटलं, "असेल."

तुला माहीत नाही ते हे. तू उठण्याआधी, साडेसहाला, मी आणि बाबा स्वयंपाकघरात होतो. मला वाद मिटवायचा होता. मला वाटलं होतं की आकडे चुकलेत म्हणून वाद आहे. बियाण्यांच्या कॅटलॉगचं एक पान फाडून त्याच्या मागे मी त्यांना लिहून दाखवलं. एकूण खर्च, त्यातला मदतीचा एक टक्का, त्यातला धान्याचा भाग, त्यातली ओरिन्सबर्गच्या गिरणीची पोती. खाली रेघ मारून मी म्हटलं, की तिसरी लाइन पूर्ण मदतीवर चालते, म्हणजे तुम्ही इतकी वर्षं जो पगार घेतलात तो परदेशी मदतच आहे.

गणित बरोबर होतं. मी आजही ते तपासून पाहिलं.

त्यांनी कागद वाचला. मग म्हणाले, "हे लॉरेलने लिहून घेतलं तुझ्याकडून?"

मी काही बोलले नाही. का, ते मला सांगता येत नाही. कदाचित त्यांचा चेहरा पाहून मला कळलं होतं, की हे ज्याने केलं त्याला ते माफ करणार नाहीत. ते पाच-सहा सेकंद थांबले. मग कागदाची घडी करून खिशात घातली, जॅकेट चढवलं आणि सुट्टीच्या दिवशी गिरणीवर निघून गेले.

त्यांना वाटतं, त्यांच्या आयुष्यभराच्या कामाला तू भीक म्हणालीस. तुला वाटतं, एका जेवणातल्या वादावरून त्यांनी तुला टाकलं. दोन्ही चूक आहे, आणि दोन्ही मला माहीत होतं.

थिया


२४ मार्च

लॉरेल,

तुझं पत्र मिळालं. तू मला भित्री म्हटलंस. ते बरोबर आहे. तू असंही लिहिलंस, की पाच नाताळ मी तुमच्या मधल्या खुर्चीवर बसून रोल खाल्ले. पाच नाही, चार. एका नाताळला रस्ते बर्फाने बंद होते. बाकी बरोबर.

रविवारी जाते आहे. जे सांगायचं ते सांगेन. तुझा प्रश्न त्यांना शब्दशः विचारेन, तुझ्या पत्रात आहे तसा. मी काही सुचवणार नाही, मध्ये बोलणार नाही. उत्तर जे येईल ते येईल. १ एप्रिलच्या आत तुला मिळेल.

थिया


३० मार्च, ओरिन्सबर्ग

प्रिय लॉरेल,

हे मी त्यांच्याच स्वयंपाकघरातून लिहिते आहे. ते गॅरेजमध्ये आहेत. हे सगळं त्यांनी मला टेबलाशी बसून सांगितलं, म्हणून ते मी तुला सांगू शकते. मी त्यांना विचारलं, हे लॉरेलला लिहू का? ते म्हणाले, "लिही. पण सुधारून लिहू नकोस."

मी चर्चनंतर पोचले. चिली तयार होती. मी अजून कोटही काढला नव्हता, तर तेच म्हणाले, "तुमच्या लोकांचा फोन आला होता मला. महिना होत आला. गोड आवाजाची बाई होती."

मी म्हटलं, "हो का?" मग म्हटलं, "मला माहीत आहे. मी ऐकलं ते."

त्यांनी वाडगे मांडले. "ऐकायची सोय असते म्हणजे तुमच्याकडे. तरी म्हटलं, इतक्या प्रेमाने कोण विचारतंय."

मी म्हटलं, "तुम्ही तिला सांगितलंत, की तुमच्या घरातलं कोणी या कामात नाही."

"सांगितलं."

"का?"

ते माझ्याकडे असे पाहत राहिले, की जणू उत्तर मलाच ठाऊक असायला हवं होतं. म्हणाले, "तूच नाही का सांगितलं होतंस? नोकरी लागली तेव्हा. घरचं माणूस या कामात असेल तर आभार मानून फोन ठेवतात. मी हो म्हटलं असतं तर तिने ठेवला असता."

"थिया, मी एकतीस वर्षं तिसऱ्या लाइनवर पोती शिवली," ते म्हणाले. "पंचवीस-पंचवीस किलोची. बड टीव्ही बघून बोलतो, टीव्हीवरचे आणखी कुठलं बघून बोलतात. मला कोणी विचारलं नाही. एक बाई विचारत होती, तर मी तिला फोन ठेवू देऊ?"

मी तीन आठवडे एका सेकंदाचा अर्थ लावत होते आणि तो चुकीचा लावला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगते आहे.

मग म्हणाले, "किती टक्के विचारलं तिने. मी म्हटलं एक. बाई खूश झाली. कसं माहीत म्हणाली. म्हटलं, माझ्या धाकटीने सांगितलं होतं. आवडलं नव्हतं, पण लक्षात राहिलं."

धाकटी म्हणजे तू. ती वेळ होती. मी चमचा खाली ठेवला आणि सांगितलं. तो कागद लॉरेलने लिहून घेतला नव्हता, ती झोपली होती. गणित माझं, वाक्य माझं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा गप्प बसणंही माझं.

ते जेवत राहिले. रोलचा तुकडा चिलीत बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "पाच वर्षं का गप्प बसलीस?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"पाच वर्षं का गप्प बसलीस?"

"खरंच माहीत नाही, बाबा."

"दोनदा विचारलं," ते म्हणाले. "आता 'माहीत नाही' लिहून टाकतो. त्या बाईनेही मला एकदा असंच केलं." ते हसले नाहीत, पण वाडगं पुढे सरकवून मला आणखी वाढलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "मग माझं धरलं का त्यांनी? मोजलं?"

लॉरेल, मला गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, "नाही. कामातल्या माणसाचं घर धरत नाहीत. मुलाखत काढून टाकली. मीच काढली."

ते उठले, वाडगं धुतलं, पालथं घातलं. पाठ माझ्याकडे होती. "नियमच आहे म्हटल्यावर," ते म्हणाले. आणि हात पुसत, "काय सांगितलं होतं मी, ते आठवतंय तुला?"

आठवत होतं. ते जसं बोलले होते तसं मी त्यांना म्हणून दाखवलं. जगाच्या कारभारात भाग घ्यावा की दूर राहावं, यावर ते म्हणाले होते, दूर राहावं. मदत जास्त होते, कमी होते की पुरेशी होते, यावर लुआनला म्हणाले होते, "जास्त म्हणजे किती? पोती म्हणतेस का?" लुआन म्हणाली होती, त्याचा तुम्हाला जो अर्थ वाटतो तो घ्या. त्यावर ते म्हणाले होते, "पोती असतील तर पुरेशी नाहीत. बाकीचं मला माहीत नाही." लुआनने पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. नोंदवताना तिने 'माहीत नाही'चं बटण दाबलं. आमच्याकडे पोत्यांसाठी वेगळं बटण नाही.

"बरोबर," ते म्हणाले. "असंच म्हटलं होतं."

मग मी तुझा प्रश्न विचारला. तुझं छापून आणलेलं पत्र खिशातून काढून तो वाचला, एकही शब्द न बदलता. शेवटची ओळ अशी होती: "मी घरी आलेली त्यांना हवी आहे का?"

ते म्हणाले, "घरी म्हणजे? राहायला की भेटायला?"

सवयीने मी म्हटलं, "त्याचा तुम्हाला जो अर्थ वाटतो तो घ्या."

ते आत गेले. कपाटातून एक रिकामं पोतं घेऊन आले. छापील मजकुराचं, न वापरलेलं, तोंड शिवलेलं. निवृत्तीच्या दिवशी शिवलेलं शेवटचं, आत काही न भरता. टेबलावर पसरून त्यांनी मला शिवण दाखवली. तू हे पाहिलं असशील, मी आज पहिल्यांदा पाहिलं. एका टोकाचा दोरा ओढला तर सगळी शिवण एका झटक्यात सुटते. दुसऱ्या टोकाचा ओढला तर गाठ बसते आणि मग सुरीच लागते. सुरी लागली की पोतं फाटतं, पुन्हा कशाला वापरता येत नाही.

"एकतीस वर्षं हे डोक्यात आहे माझ्या," ते म्हणाले. "तिकडे त्यांना कोणी सांगितलंय का, कुठलं टोक? आम्ही पोत्यावर सगळं छापलं. झेंडा छापला, हे कुणी दिलं ते छापलं. कुठून उघडायचं ते कधी छापलं नाही. लॉरेल निघाली तेव्हा सकाळी गाडीत विचारणार होतो तिला. ओमाहापर्यंत दोन तास होते." थांबून म्हणाले, "आणि मग तो कागद आला."

मी वाट पाहिली. मध्ये बोलले नाही. त्यांनी पोत्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

त्यांचं उत्तर खाली देते. मी ते त्यांच्यासमोर लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला, 'यावं' काढून 'ये' करायला.

"तिला म्हणावं, ये आणि दाखव, तिथल्या बाया कुठून ओढतात ते. पोतं ठेवलंय. विमान कुठल्या दिवशी ते आधी कळव, ट्रकचे टायर बदलायचेत."

राहायला की भेटायला, हे त्यांनी सांगितलं नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

थिया